टारझन (२००३ मालिका)

टारझन ही २००३ साली प्रसारित झालेली अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका होती. एडगर राइस बरोज यांनी १९१२ मध्ये निर्मिलेल्या टारझन या व्यक्तिरेखेवर आधारलेल्या या मालिकेचे निर्माते एरिक क्रिप्की होते. द डब्ल्यूबी या वाहिनीवर ५ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर २००३ या काळात तिचे आठ भाग प्रसारित झाले.

कथानक

विमान अपघातात आईवडील गमावलेला जॉन क्लेटन (ट्रॅव्हिस फिमेल) जंगलात वानरांच्या सहवासात वाढतो. त्याचे धनाढ्य उद्योगपती काका रिचर्ड (मिच पिलेगी) त्याला न्यू यॉर्कला आणून डांबून ठेवतात. तेथून निसटलेल्या जॉनची गाठ पोलीस अधिकारी जेन पोर्टर (सारा वेन कॅलिस) हिच्याशी पडते. जॉनची आत्या कॅथलीन (लुसी लॉलेस) रिचर्डच्या विरोधात उभी राहते.

वेगळेपण

१९६६–६८ मधील रॉन एली यांच्या मालिकेत सुशिक्षित टारझन शहरी जीवन सोडून जंगलात परततो, तर जेन त्यात नव्हतीच. २००३च्या मालिकेत हा प्रवास उलट झाला. महानगर हेच टारझनचे अरण्य ठरले आणि जेन कथेच्या केंद्रस्थानी आली. न्यू यॉर्कमधील या कथेचे चित्रीकरण मात्र कॅनडातील टोरोंटो येथे झाले.

शेवट व नंतरचा काळ

पुरेसा प्रेक्षकवर्ग न लाभल्याने वाहिनीने मालिका बंद केली. एलींच्या मालिकेचे ५७ भाग झाले होते. क्रिप्की यांनी पुढे याच वाहिनीसाठी २००५ मध्ये सुपरनॅचरल ही दीर्घकाळ चाललेली मालिका निर्माण केली. फिमेल यांना व्हायकिंग्ज, तर कॅलिस यांना प्रिझन ब्रेक व द वॉकिंग डेड या मालिकांमधून ख्याती मिळाली.