नव्याने बांधलेल्या जुन्या इंजिनाला आधी मोकळा श्वास हवा

गोव्यातील वाचकाला खाण म्हटले की डोंगर उघडा करून काढलेले लोहखनिज आठवते. मध्य प्रदेशात बालाघाट शहराजवळ असलेल्या भरवेलीची मँगनीजची खाण मात्र जमिनीखाली ४०० मीटरांहून अधिक खोल गेली आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘मॉइल’ या सार्वजनिक कंपनीची ही खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण मानली जाते. भूमिगत खाणीत खनिजाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हवेचा असतो. सुरुंगाचा धूर, धूळ, उष्णता आणि दमटपणा बाहेर न काढल्यास काम थांबते. म्हणून ताजी हवा आत येण्याची वाट आणि दूषित हवा बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवून पंख्यांच्या साह्याने प्रवाह सतत चालता ठेवला जातो.

मोटारीच्या इंजिनाला हाच नियम लागू पडतो, याची जाणीव जुनी मोटार जपणाऱ्या पुष्कळांना नसते. इंजिनाचे मँगनीजशी थेट नातेही आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या एका प्रचलित पोलादात सुमारे ९ टक्के मँगनीज असते. लाल होईपर्यंत तापणारा हा व्हॉल्व्ह त्यामुळे टिकतो. परंतु उत्तम धातू, नव्या रिंगा आणि काटेकोर जुळणी असूनही आतील दूषित वायूला बाहेर पडण्यास वाट नसेल, तर नवे बांधकाम काही महिन्यांतच तेल गाळू लागते. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवण्याआधी इंजिनाचा श्वास तपासावा, हे या लेखाचे सांगणे आहे.

पणाला काय लागते?

भारतात जुन्या मोटारींचा विचार करताना पहिले नाव येते ते मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट ११०० आणि तिचेच पुढचे नाव असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून बाहेर पडली. खासगी मालकांच्या पद्मिनी मात्र आजही गोव्यापासून विदर्भापर्यंत चालत्या आहेत. दुसरीकडे, केंद्राने २०२१ मध्ये लागू केलेल्या नियमांमुळे ५० वर्षांहून अधिक वयाच्या मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू लागली आहे. त्यामुळे गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेली इंजिने पुन्हा उघडली जात आहेत.

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे एकूण १०८९ घन सेंटिमीटर क्षमता. झिजलेला बोअर पुन्हा मारून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात. पण प्रत्येक वेळी सिलिंडरची भिंत पातळ होते. हे मोजक्याच वेळा करता येते. एक बांधकाम वाया गेले की केवळ पैसे जात नाहीत, ब्लॉकच्या आयुष्यातील एक संधी कायमची संपते.

बॅक कॉम्प्रेशन म्हणजे काय?

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळत्या वायूचा थोडा अंश त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये निसटतो. गॅरेजच्या बोलीत याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. ढोबळ हिशेब असा: १०८९ घन सेंटिमीटरचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेताना सिद्धान्ततः सुमारे १६०० लिटर हवा ओढते. त्याचा शंभरावा भाग जरी खाली निसटला, तरी मिनिटाला दहा-पंधरा लिटर वायू क्रँककेसमध्ये जमा होतो. दोन पिस्टन खाली येत असताना दोन वर जात असल्यामुळे पिस्टनच्या हालचालीचा दाब बराचसा परस्परांत मिटतो. हा निसटलेला वायू मात्र साचतच जातो.

या वायूत न जळलेले पेट्रोल, आम्ल बनवणारी द्रव्ये आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरमधून जाते, पण खाली निसटलेली वाफ थंड चेंबरमध्ये थिजून तेलात मिसळते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दह्यासारखा पिवळसर थर दिसतो तो यामुळेच. गोव्याच्या पावसाळ्यात, घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापतच नाही आणि हा थर झपाट्याने वाढतो.

वाट न मिळालेला दाब आपली वाट शोधतो. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, क्रँकच्या सीलमधून, प्रसंगी डिपस्टिक वर उचलून तेल बाहेर येते. गॅस्केट खराब आहे असे समजून ते दोन-तीनदा बदलले जाते. दोष मात्र बुजलेल्या ब्रीदरमध्ये असतो.

जुनी नळी आणि वायुवीजन झडप

पूर्वीच्या अनेक मोटारींत क्रँककेसमधून निघालेली एक नळी थेट गाडीखाली उघडत असे. गाडी धावताना नळीच्या तिरक्या तोंडावरून वाहणारी हवा आतील वायू ओढून घेई. ही योजना साधी होती, पण वेग कमी असला की ओढ नाहीशी होई आणि दूषित वायू हवेत मिसळे. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत, प्रथम कॅलिफोर्नियात, हा वायू पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची पद्धत रूढ झाली.

या पद्धतीत क्रँककेस आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये स्प्रिंगची एक छोटी झडप असते. इंजिन मंद चालत असताना मॅनिफोल्डमधील ओढ तीव्र असते. तेव्हा झडप जवळजवळ मिटते आणि थोडाच वायू जाऊ देते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओढ कमी होते, स्प्रिंग झडप उघडते आणि त्या वेळी वाढलेला वायू बाहेर निघतो. कार्ब्युरेटरमध्ये भडका उडाल्यास ती बंद होऊन ज्वाला तेलापर्यंत पोहोचू देत नाही.

जुन्या इंजिनाला ही झडप नंतर जोडायची असेल, तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. झडप इंजिनाच्या आकारमानाला साजेशी हवी. मोठी लावल्यास मंद गतीत मिश्रणात जास्तीची हवा शिरते. तिच्याआधी तेलाचे थेंब अडवणारी जाळी हवी. आणि क्रँककेसमध्ये गाळलेली ताजी हवा येण्यासाठी एअर क्लीनरपासून वेगळी नळी हवी. केवळ बाहेर ओढणारी वाट ठेवली, तर धूळ सीलमधून आत खेचली जाते. हवेच्या दोन वाटांचा खाणीचा नियम येथे अक्षरशः लागू होतो.

पहिला अर्धा तास

नवे बांधकाम सुरू होताच तासभर मंद गतीत ठेवून कार्ब्युरेटर ‘सेट’ करत बसणे, ही सर्रास दिसणारी पद्धत हानिकारक आहे. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर दाबाने घासून बसाव्या लागतात. मंद गतीत हा दाब मिळत नाही आणि गडद मिश्रणातील पेट्रोल भिंतीवरील तेल धुऊन टाकते. भिंत गुळगुळीत होऊन चकाकू लागली की रिंगा पुढे कधीच नीट बसत नाहीत.

म्हणून टायमिंग आणि मिश्रण इंजिन सुरू होईल इतपत आधीच अदमासे लावून ठेवावे. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील, तर सुरू होताच सुमारे वीस मिनिटे मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, वेग थोडा कमीजास्त करत इंजिन चालवावे. त्या काळात तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान यांवर लक्ष ठेवावे. पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगाने गाडी पळवू नये आणि पहिले तेल लवकर बदलावे. या काळात बॅक कॉम्प्रेशन जास्तच असते. ब्रीदर मोकळा असण्याची गरज तेव्हाच सर्वाधिक असते.

ट्यूनिंगचा क्रम

रिंगा बसल्यावर ट्यूनिंगला हात घालावा. येथे क्रम चुकला की सगळी मेहनत फुकट जाते, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते.

प्रथम श्वास. इंजिन गरम व मंद गतीत असताना ऑइलचे झाकण काढून तोंडावर पातळ कागद धरावा. वायुवीजन झडप असलेल्या इंजिनात कागद हळूच ओढला जावा. जुनी नळी असल्यास हलकी फुंकर जाणवावी. कागद उडून जात असेल, तर वाट बुजली आहे किंवा रिंगा बसलेल्या नाहीत.

नंतर टॅपेटचे अंतर, उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आणि सांगितलेल्या तापमानाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाचा संरक्षक थर गेल्यामुळे जुन्या मऊ सीटमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू रुततो आणि टॅपेटचे अंतर कमी होत जाते. बांधणीच्या वेळी कठीण धातूच्या सीट बसवल्या आहेत का, हे म्हणूनच विचारावे. मग चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. त्यांतील फरक १० टक्क्यांच्या आत असावा.

तिसरी पायरी प्रज्वलनाची. पॉइंटमधील अंतर बदलले की टायमिंगही सरकते. म्हणून आधी पॉइंट, नंतर टायमिंग लाइट लावून टायमिंग. वेग वाढवल्यावर खूण पुढे सरकते का, हेही पाहावे. सरकत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरमधील वजने अडकली आहेत.

कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. मंद गती ठरवून मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत घ्यावा, मग वेग कमाल होईपर्यंत बाहेर, आणि तेथून किंचित आत. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावल्यास निरोगी इंजिनाचा काटा समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. दर हजार फुटांना तो सुमारे एक इंच उतरतो. म्हणून सुमारे ३०० मीटर उंचीवरील बालाघाटला जे इंजिन १८ इंच दाखवते, ते पणजीत १९ दाखवील. काटा थरथरत असेल, तर कार्ब्युरेटर सोडून व्हॉल्व्हकडे वळावे.

ई-२० आणि ओलावा

पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० इंधनाला सुमारे १३.५ पट. नव्या मोटारीचा संगणक हा फरक ओळखतो. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट ओळखत नाही. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते आणि व्हॉल्व्ह अधिक तापतात. मुख्य जेट एका मापाने मोठे करणे, इथेनॉलला तग धरणाऱ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बसवणे हा त्यावरील उपाय. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल, तर फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवावे.

ट्यूनिंग बरोबर झाले का, हे कानांवर सोडण्याची गरज नाही. पीयूसी केंद्रावरील यंत्र तेच काम मोजून करते. जुन्या पेट्रोल मोटारींना मंद गतीत कार्बन मोनॉक्साइडची कायदेशीर मर्यादा ३ टक्के आहे. आकडा त्याखाली असणे हा कायदा. तो दीड-दोन टक्क्यांवर स्थिर राहणे हे चांगल्या जुळणीचे लक्षण. ब्रीदरची नळी तात्पुरती काढून, मॅनिफोल्डचे तोंड बंद करून पुन्हा मोजल्यावर आकडा बराच घसरला, तर तेलात पेट्रोल मिसळले आहे आणि दोष कार्ब्युरेटरचा नाही. अशा वेळी स्क्रू फिरवण्याआधी तेल बदलावे. गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना मालकाने कॉम्प्रेशनचे चार आकडे, टायमिंग आणि पीयूसीचे दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्यावेत. पुढच्या वेळी इंजिन बिघडल्यास काय बदलले, ते त्या नोंदीवरून कळेल आणि ब्लॉक पुन्हा उघडण्याची पाळी कदाचित येणारच नाही.