शटरची मोजदाद

वापरलेली मोटारगाडी विकत घेताना जाणता मनुष्य तिच्या रंगावर भुलत नाही. तिने आजवर किती किलोमीटर कापले, हा आकडा तो प्रथम पाहतो आणि मग यंत्र व चाके यांकडे वळतो. वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतानाही असाच एक आकडा पाहावयाचा असतो. त्याला ‘शटर काउंट’ म्हणजे शटरची मोजदाद म्हणतात. कॅमेऱ्याचे शटर आजवर किती वेळा उघडले व मिटले, हे तो आकडा सांगतो.

एखाद्या शाळेने वर्गणी जमवून विज्ञानमंडळासाठी वापरलेला कॅमेरा घ्यावयाचे ठरविले आहे, अशी कल्पना करू. कॅमेरा बाहेरून लखलखीत आहे आणि विकणारा म्हणतो, “फारसा वापरलेला नाही.” पुढे शटर नादुरुस्त झाले, तर ते बदलण्याचा खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने जड जातो आणि मुलांच्या वर्गणीचे पैसे वाया गेल्यासारखे होतात. म्हणून विकणाऱ्याचे म्हणणे पडताळून पाहण्याचे साधन शाळेपाशी असले पाहिजे. ते साधन कोणते व त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शटर झिजते का?

भिंगातून आलेला प्रकाश संवेदकावर नेमका ठरलेला वेळ पडावा, यासाठी संवेदकासमोर जी झडप बसविलेली असते, ती शटर होय. भिंगे बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत तिचे दोन पडदे असतात. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात ते कापडाचे होते. आज ते पातळ पात्यांचे असतात. पहिला पडदा सरकून संवेदक उघडा करतो आणि ठरलेला वेळ संपताच दुसरा पडदा त्याच दिशेने येऊन तो झाकतो.

मोठ्या संवेदकाची उंची २४ मिलिमीटर असते. पडदा हे अंतर १/३०० सेकंदात ओलांडतो असे धरले, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर होतो. १/४००० सेकंदाचे छायाचित्र घेताना तर पहिला पडदा टोकाला पोहोचण्यापूर्वीच दुसरा निघतो आणि दोहोंमधील केवळ १.८ मिलिमीटर रुंदीची फट संवेदकावरून धावत जाते. स्थिर असलेली पाती क्षणार्धात हा वेग घेतात आणि अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरात पुन्हा थांबतात. हा धक्का पाती, कमानी व त्यांचे सांधे यांना दर छायाचित्रागणिक सोसावा लागतो. शटर झिजते ते यामुळे.

फिल्मच्या काळात झिजेला खर्चाचा लगाम होता. एका गुंडाळीत ३६ छायाचित्रे निघत. दीड लाख छायाचित्रांसाठी चार हजारांहून अधिक गुंडाळ्या लागल्या असत्या. डिजिटल कॅमेऱ्यात तो लगाम उरला नाही. सेकंदाला १० छायाचित्रे घेणारा कॅमेरा अखंड चालविला, तर दीड लाखांचा आकडा २५० मिनिटांत गाठेल. दर ५ सेकंदांनी एक याप्रमाणे आकाशाची छायाचित्रे दिवसभर व रात्रभर घेतली, तर २४ तासांत १७,२८० छायाचित्रे होतात. यावरून कॅमेऱ्याचे वय आणि त्याचा वापर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात येईल.

निर्मात्याचा आकडा

कित्येक निर्माते आपले शटर किती वेळांच्या चाचणीस उतरले, हे जाहीर करतात. निकॉनच्या डी ७५० (२०१४) या कॅमेऱ्यासाठी हा आकडा १,५०,००० आहे, डी ८५० (२०१७) साठी २,००,००० आहे, तर कॅननच्या ई.ओ.एस. वन-डी एक्स मार्क थ्री (२०२०) साठी ५,००,००० आहे. मात्र ही औषधाच्या बाटलीवरील मुदत नव्हे. आकडा ओलांडल्यावरही एखादे शटर चालत राहते, तर दुसरे त्याच्या पुष्कळ आधीच थांबते.

डी ७५० चेच उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०१४ मध्ये तयार झालेल्या काही कॅमेऱ्यांत शटर नीट न चालल्यामुळे चित्राचा काही भाग काळसर पडण्याचा संभव आहे, असे कंपनीने जुलै २०१५ मध्ये जाहीर केले आणि ते विनामूल्य दुरुस्त करून दिले. असे कॅमेरे जेमतेम वर्षभराचे होते. त्यांतील एखाद्याची मोजदाद अल्प असली, तरी तेवढ्याने तो निर्दोष ठरत नव्हता.

आकडा कसा वाचावा?

डिजिटल छायाचित्राच्या फाइलीत चित्राबरोबर तारीख, शटरवेग इत्यादी माहितीही नोंदलेली असते. निकॉन व पेंटॅक्स यांचे अनेक कॅमेरे तीतच शटरची मोजदादही लिहितात. ‘एक्झिफटूल’ नावाची विनामूल्य आज्ञावली संगणकावर चालवून फाइल उघडली, म्हणजे ‘शटर काउंट’ या ओळीपुढे तो आकडा दिसतो. फाइल मात्र थेट कॅमेऱ्यातून आलेली, हात न लावलेली हवी. चित्र दुरुस्त करताना किंवा संदेशावाटे पाठविताना ही नोंद बहुधा गळून पडते. कॅननचे बहुतेक कॅमेरे हा आकडा चित्रात लिहीत नाहीत. त्यांपैकी अनेकांचा आकडा कॅमेरा यू.एस.बी. केबलने संगणकाला जोडून विशिष्ट आज्ञावलीने वाचावा लागतो.

फाइलीच्या नावातील क्रमांक म्हणजेच मोजदाद, असा समज कोणी करून घेऊ नये. तो क्रमांक चारच अंकी असतो आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. ०४१२ या क्रमांकाचे चित्र ४१२ वे असेल, तसे १०,४११ वेही असू शकेल. शिवाय मालकाला तो क्रमांक वाटेल तेव्हा पहिल्यापासून सुरू करता येतो.

आकडा काय सांगत नाही?

चलच्चित्र घेताना शटर उघडेच राहते. त्यामुळे तासन्‌तास चित्रीकरण केलेल्या कॅमेऱ्याची मोजदाद थोडीच वाढते. काही कॅमेऱ्यांत पडदे न हलविता केवळ विद्युत्‌संकेतांनी चित्र घेण्याची सोय असते आणि अशी चित्रे मोजावयाची की नाहीत, हे कॅमेऱ्यागणिक बदलते. निकॉनच्या झेड ९ (२०२१) मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. शटर बदलल्यानंतर जुना आकडा पुसला जाण्याचाही संभव असतो. आणि समुद्रकाठची खारट हवा, धूळ किंवा पडण्याचा आघात यांची नोंद कोणताही आकडा ठेवीत नाही.

म्हणून आकड्याच्या जोडीला प्रत्यक्ष परीक्षा हवी. दिवसाच्या उजेडात पांढऱ्या भिंतीची छायाचित्रे घ्यावीत. शटरचा वेळ दर वेळी निम्मा करावा आणि भिंगाचे छिद्र एकेक पायरी मोठे करीत जावे. शटर ठीक असेल, तर सर्व चित्रे सारखीच उजळ येतील. चारही कोपरे थोडे काळसर दिसले, तर तो भिंगाचा गुणधर्म समजावा. परंतु एकाच कडेला आडवा काळा पट्टा आला, तर शटरविषयी शंका घ्यावी. ही परीक्षा विजेच्या दिव्याखाली करू नये. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि त्यामुळे निर्दोष शटरच्या चित्रातही पट्टे उमटतात. शटरच्या पात्यांना बोट मात्र कधीही लावू नये.

आता आपल्या शाळेकडे पुन्हा वळू. व्यवहार ठरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एक चित्र घेऊन आकडा टिपून ठेवावा, आणखी दहा चित्रे घ्यावीत व शेवटच्या चित्रातील आकडा पुन्हा वाचावा. फरक बरोबर दहा आला, तर आपण वाचलेला आकडा खरोखर शटरचाच आहे, असे मानण्यास आधार मिळतो. विद्युत्‌ शटरची सोय असल्यास तोच प्रयोग तिच्यावरही करावा. म्हणजे हा कॅमेरा काय मोजतो आणि काय मोजीत नाही, हे उघड होईल. मग विकणाऱ्याचे बोलणे, फाइलीतील आकडा आणि भिंतीची छायाचित्रे अशा तीन साक्षी शाळेपुढे असतील. त्या एकमेकींशी जुळत असतील, तर वर्गणीचे पैसे निःशंकपणे द्यावेत. न जुळल्यास दुसरा कॅमेरा पाहावा.