माळ्यावर तुझ्यासोबत कोण होते?

वडखळच्या नाक्यावर रस्ता फुटतो. एक फाटा धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला जातो, दुसरा नागोठण्याकडे. नागोठण्याला जी अंबा नदी लागते, तीच पुढे येऊन या खाडीला मिळते.

नागोठण्याजवळ या नदीवर एक जुना दगडी पूल आहे. चौलचे काझी अलाउद्दीन यांनी तो सोळाव्या शतकात बांधल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. पूल बांधणाऱ्याचे नाव चारशे वर्षे टिकले. पण याच नदीच्या महापुरात ज्या बायकांनी लेकरे आणि म्हातारी माणसे वाचवली, त्यांची नावे पस्तीस-छत्तीस वर्षांतच पुसट होऊ लागली आहेत.

तो महापूर २३-२४ जुलै १९८९ चा. सुधागड तालुक्यातल्या जांभूळपाड्यात अनेकांचे प्राण गेले, नागोठण्यात पाणी घराघरांत शिरले. त्या वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच सुमारास आली होती. सण होऊन दहा-एक दिवस झाले होते आणि शेतात लावणीची घाई होती. अंबा लांबीने मोठी नदी नाही. सह्याद्रीच्या कड्यावरचे पाणी थोड्याच अंतरात खाली उतरते. घाटात पाऊस कोसळला की खालच्या गावाला सावध व्हायला वेळ मिळत नाही.

या पुराच्या तारखा कागदोपत्री सापडतात. बायकांनी काय केले ते मात्र सापडत नाही. ते सांगायला ऐतिहासिक कथा-कादंबरीच हवी. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटले की गड, तलवारी आणि दरबार आठवतात. घराचा माळा हेही इतिहासाचे ठिकाण असू शकते.

अशी एक कथा मनात धरून पाहू. उंच जोत्याचे घर. घरधनीण कोकणी मुसलमान, पडदा पाळणारी, नवरा आखातात. बाजारात सुकी मासळी विकायला आलेली वडखळकडची एक आगरी बाई पाण्यात अडकते आणि या घराच्या आश्रयाला येते. तिसरी वाडीवरची कातकरी बाई, दिवस भरत आलेली. एरवी या तिघी एकमेकींच्या ओटीपलीकडे गेलेल्या नाहीत. आता एकाच माळ्यावर आहेत. खाली चूल बुडाली आहे. वर एक डबा कोरडे पोहे, एक कळशी पाणी आणि लेकीच्या लग्नासाठी जमवलेल्या कपड्यांची पेटी.

कातकरी बाई भिजून कुडकुडते आहे. घरधनीण पेटी उघडते, पण लगेच नाही. आधी तिचा हात कडीवर थांबतो. चांगल्या लेखकाने तो थांबलेला हात लपवू नये. पहिल्या क्षणापासून सगळ्याच बायका देवदूत दाखवल्या तर वाचकाचा विश्वास बसत नाही, आणि पुढे पेटी उघडण्याची किंमतही कळत नाही.

बहुतेक लेखक इथेच कथा संपवतील. पुराने भिंती पाडल्या, माणुसकी जिंकली. पण पाणी ओसरल्यावर काय?

अमेरिकेत १९२८ साली फ्लोरिडातल्या ओकीचोबी तलावाचे बांध चक्रीवादळात फुटले. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने १९३७ च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीत ते वादळ आणले. तिने वादळाच्या नंतरचेही लिहिले. मेलेल्यांचीही रंगावरून निवड होते. गोऱ्यांना पेट्या मिळतात, काळ्यांना सामूहिक खड्डा.

आपल्या कथेचाही खरा कस पुरानंतर, पंचनाम्याच्या दिवशी लागेल. घर पुरुषाच्या नावावर, म्हणून नोंद त्याची. बाईच्या कोंबड्या, शेळी, मासळीची टोपली, भांडी कोण मोजणार? कातकरी बाईची झोपडी तर कुठल्याच कागदावर नाही. ‘झोपडी कुठे होती?’ असे विचारले गेल्यावर कोणीतरी सांगायला हवे की होती, मी पाहिली होती. माळ्यावर कपडे देणारी घरधनीण दारापर्यंत येऊन ही गवाही देते का? साक्ष लपवणे हा गुन्हा आहे, हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवले जाते. माळ्यावर दया दाखवायला पूर मदत करतो. दारात साक्ष द्यायला कोणीच मदत करत नाही, शेजारपाजारच्या नजराही असतात. म्हणून कथेचे शेवटचे पान माळ्यावर नको, उंबरठ्यावर हवे.

ही कथा लिहायला लेखक कधी बसेल ते बसो. तिचा कच्चा माल आज आपल्या घरात आहे. तेव्हा तिशीत असलेल्या बाया आज पासष्टीच्या पुढे आहेत. कोणी आजी आहे, कोणी फुफी, कोणी शेजारच्या गल्लीतली मावशी. पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते, हे आपण त्यांना विचारतो. ते जरूर विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. पण त्याआधी आणखी एक गोष्ट विचारा: माळ्यावर तुझ्यासोबत कोण होते, आणि नंतर तिची-तुझी पुन्हा भेट झाली का?

दुसऱ्या प्रश्नावर आजी थोडी गप्प झाली, तर घाई करू नका. वही उघडीच ठेवा.