लोणेरेची डिग्री म्हणजे लोणेरेतच शिक्षण, असं नाही

माणगाव : मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव सोडून महाडकडे निघालं की वाटेत लोणेरे लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, पोरांच्या भाषेत 'बाटू', ते इथलंच. रेल्वेने येणाऱ्याला गोरेगाव रोड स्टेशन जवळ.

राज्य सरकारने १९८९ च्या कायद्याने हे विद्यापीठ काढलं. बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह केला ते महाड इथून पुढेच, त्यामुळे या भागात त्या नावाला वेगळं वजन आहे. सुरुवातीची पंचवीसेक वर्षं विद्यापीठ म्हणजे लोणेरेचं आवार, एवढंच होतं. शिकवणं, परीक्षा, वसतिगृह सगळं एकाच ठिकाणी. खेड्यात सरकारी इंजिनिअरिंग, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

२०१४ च्या नव्या कायद्याने चित्र बदललं. विद्यापीठाला राज्यभरातली कॉलेजं जोडून घेता आली आणि २०१७-१८ पासून अनेक खासगी कॉलेजं त्याच्याशी संलग्न झाली. गोंधळ होतो तो इथेच. पदवीवर नाव 'बाटू'चं, पण वर्ग, प्रयोगशाळा, शिक्षक आणि फी त्या त्या कॉलेजची. लोणेरेच्या आवारातली सीट वेगळी आणि संलग्न कॉलेजची वेगळी. एजंट मंडळी हा फरक सहसा सांगत नाहीत.

सीईटीनंतर कॅप राऊंडचा फॉर्म भरताना नुसतं विद्यापीठाचं नाव बघू नका, कॉलेजचं नाव, गाव आणि कोड वाचा. दहावीनंतर डिप्लोमा करायचा असेल तर तोही लोणेरेच्या आवारात होतो, हे आपल्याकडे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.