नांगराबरोबर निघालेलं चित्र

1956 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या एका प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टनने एक कोलाज केलं. अमेरिकन मासिकांतली कात्रणं चिकटवून त्याने एक दिवाणखाना उभा केला. त्यात टीव्ही, टेपरेकॉर्डर, डबाबंद मांस, जिना झाडणारा व्हॅक्यूम क्लीनर असं सगळं होतं, आणि मधोमध दंड फुगवून उभा पैलवान, हातात ‘पॉप’ अक्षरांचा भलाथोरला लॉलीपॉप. ब्रिटिश पॉप आर्टची गोष्ट बहुतेक जण इथूनच सांगायला लागतात. हॅमिल्टन महायुद्धाच्या काळात कारखान्यात यंत्रांच्या हत्यारांचे आराखडे काढत होता, हे मात्र ओझरतंच सांगितलं जातं.

सांगलीकडच्या माणसाचं लक्ष नेमकं तिथेच अडतं. कारण यंत्राचे आराखडे, जाहिरात, मासिक आणि चित्र यांची मोट कुंडलच्या माळावर याआधी छत्तीस वर्षं बांधली गेली होती. तीही उलट्या बाजूने.

लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 साली मुंबईच्या जे. जे. मध्ये दाखल झाले ते चित्रकार व्हायला. पुढे कळलं की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. रंग सुटले, रेषा राहिली, आणि ते यंत्रांची ड्रॉइंगं शिकवू लागले. मग बेळगावातली सायकली विकण्याची उठाठेव, 1903 चा लोखंडी नांगर, ‘लोखंडाने जमीन नासते’ म्हणून तो पहिली दोन वर्षं न खपणं, हे सारं मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कुंडलच्या त्या निवडुंग नि सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ही जागा आज सांगली जिल्ह्यात आणि औंध साताऱ्यात. संस्थान विलीन झालं आणि सरहद्द मधून गेली, एवढंच.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. रामायण त्यांनी चित्रांतून मांडलं, सूर्यनमस्कारांचा जन्मभर प्रचार केला, औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारलं. त्या संग्रहात रवि वर्मा आहे आणि हेन्री मूरही. हॅमिल्टनचा पैलवान त्यांना दाखवला असता तर त्यांनी आधी नमस्कार किती घालतोस ते विचारलं असतं!

पण खरा मासला लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (1891–1975), म्हणजे ‘शंवाकि’. त्यांचं चित्रकलेचं शिक्षण झालं ते श्री. दा. सातवळेकरांच्या हाताखाली, थेट लाहोरात. वेदांचे भाष्यकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो तेच हे सातवळेकर, त्यांचा तिथे स्टुडिओ होता. असा माणूस तैलरंगातली व्यक्तिचित्रं काढत एखाद्या दरबारी सुखाने राहिला असता. शंवाकि कारखान्यात आले आणि नांगर, चरक, पंप यांच्या जाहिरातीत रमले. 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. मुळात ते गिऱ्हाइकांना कारखान्याची बातमी कळवणारं पत्रक. नांगराची माहिती वाचायला घेतलेल्या माणसाच्या हाती हळूहळू गोष्टी, विचार आणि व्यंगचित्रं पडू लागली. भाषाशुद्धीच्या रेट्यात पुढे ‘खबर’ गळलं. (सावरकरांच्या कानाला तो शब्द परका. कारखान्याला मात्र तो चांगला लाभला होता.) 1930 मध्ये ‘स्त्री’ आलं, 1934 मध्ये ‘मनोहर’.

त्यांच्या व्यंगचित्रांच्या पुस्तकाचं नाव ‘टाकांच्या फेकी’. टाक म्हणजे दौतीत बुडवायचा, निबाचा. तो कागदावर टेकवायचा सोडून फेकायचा! नेम जुन्या रूढींवर आणि भोंदूगिरीवर. सही तीन अक्षरांची, कारखान्याच्या मार्क्यासारखी सुटसुटीत. आत्मचरित्रालाही त्यांनी तोच मार्का ठोकला: ‘शंवाकीय’. आपलं नावच ब्रँड करण्याचं श्रेय कलासमीक्षक लंडन-न्यूयॉर्कच्या मंडळींना देतात. त्यांनी मराठी मासिकांच्या जुन्या फायली चाळलेल्या नसाव्यात.

म्हणून शंवाकिंना पॉप आर्टिस्ट म्हणावं काय? नको. हॅमिल्टनने जाहिरात उचलून गॅलरीत नेली आणि तिच्याकडे डोळा मिचकावला. शंवाकिंनी चित्रकाराचा हात गॅलरीतून उचलून जाहिरातीत नेला, आणि त्यात थट्टा नव्हती. नांगर खपायला हवा होता, आणि वाचकाच्या डोक्यातली जळमटंही निघायला हवी होती. या कामात हॅमिल्टनचा मिश्किल थंडपणा सापडत नाही. प्रचारकाचा उत्साह पानोपानी, कधी कधी जरा जास्तच. तरीही छापलेलं, स्वस्त, महिन्याच्या महिन्याला येणारं चित्र घराघरांत नेणं या एका बाबतीत किर्लोस्करवाडी लंडनच्या पुढे होती. हॅमिल्टनचं कोलाज जेमतेम वीतभर रुंदीचं, आज जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संग्रहालयात आहे. शंवाकिंची चित्रं रद्दीत गेली, शेवेच्या पुड्या झाली, थोडी वाचनालयांच्या बांधीव फायलींत उरली.

रंग न ओळखता आल्याने चित्रकला सोडलेल्या काकांचं चरित्रही शेवटी या चित्रकार पुतण्यानेच लिहिलं. त्याचं नाव ‘यांत्रिकाची यात्रा’.