वहीतला पक्षी उडाला

भिगवण हे इंदापूर तालुक्यातले गाव. थंडीत उजनी धरणाच्या पाण्यावर तिथे रोहित पक्षी येतात. आमच्या शेजारचा मुलगा तिथून एसटीने बारामतीच्या हायस्कुलात जातो. चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी त्याला हलती चित्रे काढायला शिकवले. या विद्येला ॲनिमेशन म्हणतात.

त्याने वहीच्या कोपऱ्यात रोहित काढला. पुढच्या पानावर पुन्हा तोच, पंख थोडे वर. पण पक्षी बेडकासारखा उड्या मारू लागला! गुरुजी म्हणाले, "दोन चित्रांत फरक फार झाला. अगदी जरासा ठेव."

मुलाने दुसरी वही घेतली. आई रागावली, "अरे, वह्या काय फुकट येतात?" मुलाने अंगठ्याने पाने भराभर सोडली. काय नवल! पक्षी उडाला. आम्ही बघतच राहिलो.

ही जादू नव्हे. एक चित्र जाते न जाते तोच दुसरे येते. म्हणून डोळ्याला हालचाल दिसते. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे एका मिनिटाला १४४०!

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याआधी हाती पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. महिनाभर कॅमेऱ्याने त्याची थोडी थोडी वाढ टिपली. पडद्यावर कोंब भराभर वाढला. ते पाहून लोकांचा विश्वास बसला, कर्ज मिळाले.

आता ती आई पाठकोरे कागद फेकत नाही. मुलासाठी जपून ठेवते. आपणही मुलाला रागावण्याआधी त्याची वही एकदा उघडून पाहावी.