चपलेचा पट्टा आणि खांद्याची ‘नस’

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हमाली करणारे एक भाऊ आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचा हात डोक्याच्या वर जात नव्हता. ‘नस चढली’ म्हणून चार महिने ते खांदा चोळून घेत होते. तपासणीत कळलं, खांद्याचा स्नायू हाडाला बांधलेला असतो तिथूनच फाटला आहे. ऑपरेशन झालं. दुसऱ्याच महिन्यात कापसाचा हंगाम सुरू झाला आणि भाऊंनी पोतं उचललं. शिवलेलं पुन्हा निघालं.

वस्तीत लोक म्हणाले, ऑपरेशनच बिघडलं. आम्हाला तसं वाटत नाही.

आपण जिला ‘नस’ म्हणतो, ती बरेचदा नस नसतेच. स्नायूला हाडाशी बांधणारा तो पांढरा, चिवट दोर असतो, कंडरा. हाडाला हाड बांधणारा दोर म्हणजे लिगामेंट. कबड्डी खेळताना पोरांच्या गुडघ्यात तुटतं ते. आता आपली चपल पाहा. पट्टा मधोमध क्वचितच तुटतो, तळात घुसतो तिथून निघतो. मऊ आणि कडक जिथे भेटतात तिथे ताण साचतो. शरीराने यावर तोड काढली आहे. दोर एकदम हाडाला चिकटत नाही. आधी दोर, मग कूर्चा (कानाचा वरचा भाग दाबून पाहा, तशी लवचीक), मग कॅल्शियम मुरलेली कडक कूर्चा आणि मग हाड. जेमतेम मिलिमीटरभर जागेत या चार पायऱ्या असतात.

डॉक्टर टाके घालून दोर हाडाला टेकवतात. पण या पायऱ्या पहिल्यासारख्या पुन्हा बनत नाहीत. मधे जखमेच्या वणासारखं मांस भरतं. ते मूळच्या जोडाइतकं मजबूत नसतं आणि घट्ट व्हायला महिने घेतं.

प्रयोगशाळांत आता या पायऱ्याच बनवायचा प्रयत्न चालू आहे. छोट्या पट्टीच्या एका टोकाला कोलॅजेनचे मऊ धागे, दुसऱ्या टोकाकडे हळूहळू वाढत जाणारं हायड्रॉक्सीअपॅटाइट, म्हणजे हाडात असतं तेच खनिज. पट्टीत वसणाऱ्या पेशींना खालचा कडकपणा जाणवतो आणि त्या एका टोकाला दोरासारख्या, दुसऱ्या टोकाला हाडासारख्या वागू लागतात. हे काम बहुतांशी उंदीर, ससे, मेंढ्यांवर चाललं आहे. गुडघ्याच्या कूर्चेसाठी पाऊल थोडं पुढे पडलं: समुद्रातल्या प्रवाळापासून बनवलेल्या एका दोन थरांच्या रोपणाला अमेरिकेने २०२२ मध्ये मान्यता दिली. पण दोर आणि हाड जोडणारी पट्टी आपल्याकडच्या रोजच्या उपचारात आलेली नाही.

म्हणून कोणी ‘स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, नस नवी होते’ म्हणून लाखभर मागितले, तर देऊ नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांपुरताच होता. खांदा-गुडघा त्यात नव्हता. शेत गहाण ठेवून असली इंजेक्शनं घेतलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

आज हातात आहे ती शस्त्रक्रिया, व्यायाम आणि वेळ. खांदा शिवल्यावर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, वजन उचलणं किमान तीन महिने बंद. गुडघ्याचं लिगामेंट बदललेल्या पोराने नऊ महिन्यांच्या आत कबड्डीच्या मैदानात उतरू नये. दुखत नाही म्हणजे जोड पक्का झाला असं नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला आधीच विचारा, आपलं ऑपरेशन यादीत बसतं का. २०२३ च्या निर्णयाने या योजनेचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत गेलं आहे.

पण योजना तीन महिन्यांची मजुरी देत नाही, पाण्याचा गुंडही भरून देत नाही. डॉक्टर ‘विश्रांती घ्या’ लिहून मोकळे होतात. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा, पाणी कोण भरणार, किराणा कशावर चालणार. पुलगावकडच्या एका वस्तीत कापूस वेचणाऱ्या मावशींचा खांदा शिवला, तेव्हा बचत गटाच्या बायांनी पाण्याच्या पाळ्या लावल्या आणि गटातून बिनव्याजी पैसे दिले. चौथ्या महिन्यात मावशी स्वतः अर्धी बादली घेऊन नळावर आल्या. बायांनी तीही हातातून काढून घेतली.